शेवाळातलं तपकिरी भूछत्र, वास मेथीचा. कोणतं असेल?

छावणी_इंदूर: नमस्कार. मागच्या सप्टेंबरात लेकीकडे फिनलंडला गेले होते. एस्पोजवळच्या नूक्सिओच्या जंगलात पाइन-बर्चखाली घोट्यापर्यंत पाय रुतेल इतकं ओलं शेवाळ होतं. नर्सरीवाले ऑर्किडच्या कुंडीत घालतात ना, तेच स्फॅग्नम, पण जिवंत, हिरवं-लालसर. त्यातून चार तपकिरी भूछत्रं वर आलेली. टोपी तळहाताएवढी, मधे किंचित खोलगट, हाताला लोकरीच्या कापडासारखी. खालच्या पात्या सायीच्या रंगाच्या.

लेकीने एक आणून हीटरवर वाळत टाकलं. सकाळी स्वयंपाकघरात गेले तर मेथी भाजल्याचा वास! सासूबाई बाळंतिणीच्या लाडवांसाठी भाजायच्या तेव्हा आमच्या घरात दरवळायचा, अगदी तोच. यंदा ती पुन्हा तिथेच उगवलीत आणि जावई तुपात परतून खायचं म्हणताहेत. मला इथे बसून चैन नाही. कोणी सांगेल का?

रानवेडा: स्फॅग्नममध्ये तपकिरी म्हणजे गॅलेरिना असेल.

बडोदेकर: नाही हो. दलदलीतली गॅलेरिना पालुडोसा फार तर तीनेक सेंटीमीटरची, देठ सुतळीसारखा बारीक. ताई, पाती मोडल्यावर चीक येतो का?

छावणी_इंदूर: येतो, पण पाण्यासारखा.

बडोदेकर: मग वर्णन लॅक्टेरियस हेल्वसशी जुळतं. या गटातल्या बऱ्याच भूछत्रांचा चीक दुधासारखा असतो, याचा पाणचट. मेथीतलं सोटोलोन नावाचं द्रव्य यातही असतं, म्हणून वाळताना तो वास येतो. पण जावईबापूंना खाऊ देऊ नका. विषारी आहे, उलट्या होतात, चक्कर येते. 1949 मध्ये लाइपझिग भागात 400हून जास्त लोकांना याची बाधा झाली होती.

दुसरी भीती मोठी आहे. तसल्याच शेवाळात कॉर्टिनेरियस रुबेलस उगवतं. तेही तपकिरी, पण पात्या गंजाच्या रंगाच्या होतात आणि चीक येत नाही. ते मूत्रपिंडं निकामी करतं. त्रास सुरू व्हायला कित्येक दिवस लागतात, तोवर माणूस हिंडत-फिरत असतो. टोपलीत दोन्ही एकत्र आली तर? फोटोवरून खाण्याचा निर्णय कधीच घेऊ नये.

छावणी_इंदूर: तुमचं उत्तर वाचलं आणि लगेच फोन लावला. फ्रिजमध्ये दोन होती. लेकीने माझ्यासमोर व्हिडिओवर पाती कापली, पाण्याचा थेंब आला. एक टोपी रात्रभर काळ्या कागदावर ठेवली, तर खाली बीजाणूंचा (भूछत्राच्या बारीक बियांसारख्या पुडीचा) फिकट पांढुरका ठसा उमटला. तो बघून झाल्यावर दोन्ही टाकून दिली. जावई जरा हिरमुसलेत, पण ऐकलं त्यांनी. तुमचे फार उपकार झाले, भाऊ.