सत्तरी झाली म्हणून पॉलिसी मोडायची?

आडवाट
काल इथे एकांनी लिहिलं, "आईवडील सत्तरीपार असतील तर खासगी मेडिक्लेमचा हप्ता भरणं शुद्ध वेडेपणा. सरकारने पाच लाख दिलेत. पॉलिसी बंद करा, पैसे एफडीत टाका." त्यावर बदामांचा पाऊस. उत्तर लिहायला बसलो, ते लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

वयवंदना कार्डाशी, म्हणजे सत्तरीपुढच्यांना आयुष्मान भारतमधून वर्षाला पाच लाखांपर्यंत मोफत उपचार देणाऱ्या सरकारी कार्डाशी, माझं वैर नाही. 29 ऑक्टोबर 2024 ला योजना सुरू झाली आणि पुढच्याच महिन्यात मी बाबांचं कार्ड काढलं. उत्पन्नाची अट नाही, जुनी दुखणी पहिल्या दिवसापासून धरतात. बीपी-शुगर घेऊन गेलेल्या म्हाताऱ्याला कुठली कंपनी असं दारात उभं करते? पण ते पाच लाख घरामागे आहेत. नवराबायको दोघं सत्तरीपुढचे असतील तर दोघांत मिळून पाच, दहा नाहीत. यादीतल्या रुग्णालयात भरती झालात तरच. ओपीडी नाही. घरी सोडल्यावरचा खर्च पंधरा दिवस, पुढे आपला खिसा. यातलं काय होतं त्या पोस्टीत?

गेल्या पावसाळ्यात बाबा बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं. रात्रीचे अकरा. एका हाताने बाबांचा पाय धरलेला, दुसऱ्या हाताने मी मोबाइलवर यादी खालीवर करतोय. जवळचं एक रुग्णालय यादीत निघालं. फोन केला तर म्हणाले, हो आहोत, पण हाडांसाठी आमचं नाव नाही. प्रत्येक विभागाची मान्यता वेगळी असते हे मला तेव्हा कळलं. शेवटी नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं आणि तिथे जुनी पॉलिसी कामाला आली. ती मोडून बसलो असतो तर? परत घ्यायला जा बहात्तराव्या वर्षी. नवी पॉलिसी घ्यायला असलेली 65 वर्षांची मर्यादा विमा नियामकाने 2024 मध्ये उठवली, मान्य. तरी जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत ताटकळत ठेवतातच.

कोपरखळी
तो एफडीवाला मीच. बदाम मोजल्याबद्दल आभार.

साहेब, हप्ता कोण भरतं तुमच्याकडे? माझ्या सासूबाईंचा 2023 ला 38 हजार होता, 2024 ला 61 हजार. एक क्लेम नाही केलेला. विचारलं तर "वयोगट बदलला". जानेवारी 2025 मध्ये नियामकाने सांगितलं की ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर आधी आम्हाला विचारा. वरातीमागून घोडं! आमचं घोडं तोवर 61 वर जाऊन उभं होतं. मग एकदाचा क्लेम केला, तर कंपनी म्हणे 2016 च्या फॉर्ममध्ये गुडघेदुखी लिहिली नव्हती. साठीच्या बाईचे गुडघे दुखतात हे काय वेगळं लिहायचं?

सुपारीफूल
22 सप्टेंबर 2025 पासून त्यावरचा 18 टक्के जीएसटी गेलाय ना पण?

कोपरखळी
गेला. पण हप्ता 61 वर पोचल्यावर गेला, 38 असताना नाही.

पेन्शनर नंबर एक
दोघांचं भांडण चालू द्या, पण हे वाचून सीजीएचएसवाल्यांनी आधार घेऊन धावू नये. सीजीएचएस (केंद्राच्या नोकर-पेन्शनरांची योजना), ईसीएचएस (माजी सैनिकांची) किंवा आयुष्मान सीएपीएफ (केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची) असेल तर ती किंवा हे कार्ड, एकच निवडावं लागतं. ईएसआयसी (कामगार विमा) किंवा खासगी पॉलिसी असेल तर हे कार्ड जोडीला चालतं. मी सीजीएचएस सोडणार नाही, महिन्याची औषधं तिथून मिळतात. मिळतात म्हणजे काय, आधी रांग, मग "हे इंडेंटला टाकलंय, म्हणजे मागवलंय, परवा या". परवा गेलं की खिडकीवर दुसराच माणूस. पण मिळतात.

सुपारीफूल
तुम्ही सगळे कार्ड मिळाल्याच्या पुढचं बोलताय. आमचं गाडं तिथवर पोचलंच नाही. आईला घेऊन केंद्रावर गेले. आईने अंगठा पदराला पुसून यंत्रावर ठेवला. लाल दिवा. मग तिथल्या पोराने ओल्या कापसाने पुसला. लाल. सहा वेळा. पन्नास वर्षं भाकऱ्या थापल्यात, रेषा राहिल्यात कुठे! शेवटी चेहरा दाखवून जमलं आणि पोरगा म्हणतो, "मावशी, वय 69 आहे, होणार नाही." आधारवर 1 जून 1956. पानशेत फुटलं तेव्हा आई दुसरीत होती. 1961 साली पाच वर्षांची मुलगी दुसरीत?

खवचट आजोबा
1 जून! या, या. आमच्या वर्गात चाळीस जण आणि निम्म्यांचा वाढदिवस एकाच दिवशी. मास्तर नाव लिहून घेताना पोराचं तोंड बघायचे, वर्ष ठरवायचे आणि तारीख ठोकायचे. एकीचा जन्म अमावास्येचा असं तिची आजी सांगत होती, तर मास्तर म्हणाले, "अमावास्या रजिस्टरात बसत नाही."

टाकसाळ
माझ्या वडिलांची गोष्ट उलटी. नोकरी दोन वर्षं जास्त मिळावी म्हणून आजोबांनी शाळेत वय दोन वर्षांनी कमी लावलं. मिळाली नोकरी. आता तीच दोन वर्षं कार्डाच्या आड आलीत.

पेन्शनर नंबर एक
म्हणजे दोन वर्षं सरकारचा पगार जास्त खाल्ला आणि आता सरकारनेच उपचारही करायचे? छान.

टाकसाळ
काका, तोंड सांभाळून. वडील आयसीयूतून परवा बाहेर आलेत. तुमच्या पिढीत कुणाचं वय खरं होतं ते आधी सांगा.

खवचट आजोबा
माझं खरं होतं. म्हणून 58 ला घरी बसलो.

आडवाट
धागा पॉलिसीबद्दल आहे.

मोगराबाई
सुपारीफूल, जन्मतारीख आधारवर एकदाच बदलून मिळते, जपून. शाळेचा दाखला आणलात तर त्यावरही 1 जूनच असणार. आम्ही गावच्या जुन्या शाळेत गेलो होतो, कपाटाला वाळवी. सध्याचे मुख्याध्यापक म्हणाले, तुम्हीच सांगा काय लिहू. साठ वर्षांपूर्वी पण हेच झालं असणार!

गल्लीतला डॉक्टर
मूळ मुद्द्यावर. आडवाट यांना जे झालं ते रोज होतं. पॅकेजचे दर ठरलेले, पैसे उशिरा, म्हणून काही ठिकाणी कार्ड दिसलं की "खाट नाही" ऐकू येतं. काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. दुखणं तातडीचं नसेल तर भरतीच्या आधी आरोग्यमित्राला (रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस) गाठा आणि नेमक्या त्या शस्त्रक्रियेचं विचारा. नाहीतर योजनेच्या हेल्पलाइनला, 14555 ला, फोन करा. "रुग्णालय यादीत आहे का" या प्रश्नाला अर्थ नाही.

कोपरखळी
म्हणजे खाटा असतात आणि तुम्ही लपवता? डॉक्टरांनीच कबुली दिलीय, स्क्रीनशॉट घेतलाय.

गल्लीतला डॉक्टर
माझ्याकडे खाटा नाहीत. दोन खुर्च्या आणि एक वजनकाटा आहे. घ्या स्क्रीनशॉट.

मोगराबाई
आणि 69 वाल्यांनी रडू नये. आपल्या राज्याची महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे की. लोक अजून जीवनदायीच म्हणतात, 2012 ला आठ जिल्ह्यांत त्याच नावाने सुरू झाली होती. 2024 पासून पाच लाख आणि पांढऱ्या शिधापत्रिकेलाही लागू. माझ्या दिरांची अँजिओप्लास्टी त्यात झाली, वय 63. खिशातून गेले ते चहाचे आणि रिक्षाचे.

आडवाट
हे मला माहीत नव्हतं. पांढऱ्यालाही?

मोगराबाई
पांढऱ्यालाही. ज्यांचं घर आधीच आयुष्मानमध्ये आहे, त्यांच्यातल्या सत्तरीवाल्यांना वेगळे पाच मिळतात, ते बाकीच्या घराशी वाटून घ्यावे लागत नाहीत. एवढा मोठा धागा काढलात, हे लिहायचं होतं.

कोपरखळी
बघा, आडवाटनाही सगळं माहीत नसतं. आजचा दिवस सत्कारणी लागला.

बरं, आता आलोच आहे तर सांगतो. सासूबाईंची पॉलिसी अजून मोडलेली नाही. हप्ता 14 तारखेला आहे. विम्याची रक्कम दहावरून पाचवर आणली तर किती बसेल ते विचारलंय, त्यावरच्या खर्चाचं कार्ड बघून घेईल. याला माघार समजू नये.

आडवाट
समजत नाही. पोस्टीत दुरुस्ती तेवढी करा, लोक एफडी मोजतायत तिकडे.

कोपरखळी
14 तारखेनंतर.

टाकसाळ
महात्मा फुलेचं बघतो. वडिलांची शिधापत्रिका गावी आहे, भावाकडे. भावाशी बोलणं बंद आहे. तो वेगळा धागा होईल.

सुपारीफूल
आमची पांढरी सापडली, तांदळाच्या डब्याखाली. त्यावर आईचं वय तिसरंच आहे. येत्या 1 जूनला आई आधारवर सत्तरीची होतेय. आजवर तिचा वाढदिवस कुणी केलेला नाही, तारीखच माहीत नव्हती. या वेळी केक आणतेय, त्याच दिवशी केंद्रावरही नेते.

खवचट आजोबा
केकवर मास्तरांचं नाव लिहा.