मदत हवी आहे: पित्ताशय डावीकडे, सर्जन उजव्या हाताचे. पोर्ट (दुर्बीण व हत्यारे घालायची पोटावरची छिद्रे) कुठे घ्यावेत?

प्रश्न

स्त्री, वय 42. जेवणानंतर डाव्या बरगडीखाली कळ, कधी मधोमध. आतापर्यंत ॲसिडिटीच्या गोळ्याच चालू होत्या. सोनोग्राफीत यकृत व पित्ताशय डावीकडे, प्लीहा उजवीकडे. खडे अनेक, सर्वांत मोठा 9 मिमी, पित्ताशयाची भिंत 3 मिमी, सीबीडी (मुख्य पित्तनलिका) 5 मिमी. एक्स-रेत हृदय उजवीकडे. एलएफटी (यकृताच्या रक्तचाचण्या) नॉर्मल, ताप, कावीळ नाही. म्हणजे सायटस इन्व्हर्सस टोटॅलिस (छाती-पोटातले सगळे अवयव आरशासारखे उलट बाजूला). दुर्बिणीतून पित्ताशय काढायचे ठरले आहे. नेहमीची मांडणी नुसती आरशासारखी उलटवली की भागते का? आणि एलएफटी नॉर्मल असताना एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) करावी का?

प्रतिसाद (रेडिओलॉजी)

खडा शोधण्यासाठी एमआरसीपीची गरज दिसत नाही. नकाशासाठी मात्र करा, आणि कॉन्ट्रास्ट सीटीही. सगळे अवयव खरोखर उलटे असतील तर रचना बहुधा आरशातल्यासारखीच निघते. घोळ होतो तो अर्धवट उलटलेल्यांत: प्लीहेचे अनेक तुकडे, यकृतामागे खंडित आयव्हीसी (हृदयाकडे जाणारी मोठी शीर), ड्युओडेनमच्या (लहान आतड्याचा पहिला भाग) पुढून जाणारी पोर्टल व्हेन (आतड्यांतले रक्त यकृताकडे नेणारी शीर). ही शेवटची असेल तर ती नेमकी तुमच्या हुकसमोर (करंटवर चालणारे आकडीसारखे हत्यार) येते, म्हणून सीटीत तीच आधी पाहा. सिस्टिक डक्ट (पित्ताशयाची नळी) कुठे मिळते आणि पोस्टेरिअर सेक्टोरल डक्ट (यकृताच्या मागच्या भागाची पित्तनलिका) खाली उतरून तिच्याजवळ मिळते का, हे रिपोर्टात मागून घ्या. तिथे नुसते ‘राइट डक्ट’ चालणार नाही. रुग्णाची बाजू की यकृताचा खंड, हे स्पष्ट हवे.

प्रतिसाद (सर्जरी)

नुसते उलटवून भागत नाही. सर्जन रुग्णाच्या उजवीकडे, मॉनिटर डाव्या खांद्याशी. कॅमेरा नाभीतून 10 मिमी, एपिगॅस्ट्रिक (छातीच्या मधल्या हाडाखालचा) पोर्ट फॅल्सिफॉर्मच्या (यकृताला पोटाच्या पुढच्या भिंतीशी जोडणारा पडदा) डावीकडून, बाकीचे दोन डाव्या मिडक्लॅव्हिक्युलर (गळ्याजवळच्या हाडाच्या मध्यातून खाली येणाऱ्या) आणि अँटेरिअर ॲक्झिलरी (काखेच्या पुढच्या कडेतून खाली येणाऱ्या) रेषेत. टेबल डोक्याकडून वर आणि रुग्णाच्या उजवीकडे कललेले. इथवर आरसा चालतो.

अडचण हातांची. या बाजूला उभे राहिलात की एपिगॅस्ट्रिक पोर्ट तुमच्या डाव्या हाताला येतो. उजव्या हाताने तिथून डिसेक्शन करायला गेलात तर हात एकमेकांवरून जातात, आणि तास-दीड तास तसे काम करणे म्हणजे चूक ओढवून घेणे. त्यापेक्षा हार्टमन्स पाउच (पित्ताशयाच्या मानेजवळचा फुगीर भाग) डाव्या हाताने एपिगॅस्ट्रिकमधून धरा आणि डिसेक्शन उजव्या हाताने मिडक्लॅव्हिक्युलर पोर्टातून करा. क्लिप ॲप्लायर 10 मिमीचा असेल तर तो पोर्टही सुरुवातीलाच 10 मिमीचा घ्या.

याची किंमत अशी की हुक आता बाहेरून आत, सरळ सीबीडीच्या दिशेने येतो. एरवी पडद्यावर सीबीडी उजव्या अंगाला असते, इथे डाव्या. नजर सवयीने फसते. म्हणून ऊतक थोडे थोडे हुकवर उचलून मगच करंट, आणि पित्ताशयाच्या भिंतीला चिकटून राहा. फंडस (पित्ताशयाचे टोक) डाव्या खांद्याकडे, पाउच मात्र खाली-बाहेर. पाउचही वरच ओढला तर सिस्टिक डक्ट आणि सीबीडी एका रेषेत येतात, आणि सीबीडीवरच क्लिप बसते.

स्ट्रासबर्ग यांनी 1995 साली मांडलेल्या क्रिटिकल व्ह्यूचे (कापण्याआधी रचना नक्की ओळखता येईल असे दृश्य) तिन्ही निकष पुरे झाल्याशिवाय काही कापू नये: त्रिकोण (सिस्टिक डक्ट, यकृताची पित्तनलिका आणि यकृत यांमधला) चरबी व तंतूंपासून मोकळा, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटा, आणि पित्ताशयाकडे जाणाऱ्या फक्त दोनच रचना. रुव्हिए सल्कस (यकृताच्या खालच्या बाजूची खाच) या रुग्णात डावीकडे शोधा. व्ह्यू मिळत नसेल तर कोलँजिओग्राम (पित्तनलिकेत कॉन्ट्रास्ट घालून एक्स-रे). त्रिकोण गोठलेलाच (चिकटून घट्ट झालेला) असेल तर सबटोटल करा (पित्ताशयाचा काही भाग ठेवून बाकीचे काढा), उरलेल्या भागातले खडे काढा, ड्रेन ठेवा.

प्रतिसाद (दुसरे सर्जन)

हातांचे पटते, जागेचे नाही. पाय फाकवून मध्ये उभे राहिल्यास हेच पोर्ट वापरूनही मनगट कमी वळते. लिथोटॉमी स्टिरप्स (पाय फाकवून धरणारे टेबलाचे आधार) असतील तर तेच करावे.

प्रतिसाद (भूलतज्ज्ञ)

ईसीजीचे छातीवरचे लीड उजवीकडे लावून आणि हातांचे लीड अदलाबदल करून पुन्हा काढा; नाहीतर लीड वनमधली उलटी पी वेव्ह पाहून उगाच शंका घेतल्या जातील. डिफिब पॅडही (हृदयाला विजेचा झटका देणारे) उलट बाजूने. जुना खोकला, सायनस, छातीत कफ असेल तर कार्टाजेनर (उलट्या अवयवांसोबत सायनस व फुफ्फुसांचा जुना त्रास असलेला आजार) समजून आधी छातीची फिजिओथेरपी करून घ्या. सरळ आणि आखूड ब्रोंकस (श्वासनलिकेची फांदी) इथे डावा, त्यामुळे श्वासाची ट्यूब खोल गेली तर डावीकडे जाते. पोटात गॅस भरल्यावर दोन्ही बाजू पुन्हा ऐका, कारण कॅरिना (श्वासनलिका दुभंगते ती जागा) वर सरकते. सेंट्रल लाइन लागली तर डावी आयजेव्ही (मानेतली मोठी शीर) सोयीची.

प्रश्नकर्ता

सीटी सांगितली आहे. स्टिरप्स आहेत, मध्ये उभे राहूनच करू. रुग्णाला घरी सोडताना काय लिहून द्यावे?

प्रतिसाद (सर्जरी)

डिस्चार्ज कार्डावर ठळक अक्षरात सायटस इन्व्हर्सस. अपेंडिक्सही डावीकडे असणार, तेव्हा पुढे कधी डाव्या ओटीपोटात दुखले तर हे कार्ड दाखवायला सांगा. घरच्यांनाही सांगा, तपासणाऱ्यापुढे बोलायची वेळ बहुधा त्यांच्यावर येते.