नोकरी, घर, लोकल... यात पुस्तक कधी लिहायचं?

डोंबिवलीकरीण
नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसती वाचते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. माझे बाबा गिरणीत साचेखात्यात (साचा म्हणजे माग) होते, ६६ साली बदली म्हणून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, लागले ते थेट ८२च्या संपापर्यंत. लालबागचा गाळा, एका खोलीत पंधरा-वीस गाववाले पाळीपाळीने झोपायचे, खानावळ, भोंगा, जॉबरची (मुकादमाची) मर्जी, हे सगळं ते इतकं भारी सांगतात की कॉलेजपासून मनात आहे यावर पुस्तक लिहायचं. आता मी ४६ची, बाबा ७९. लिहून झालंय किती तर अडीच पानं 😑 सकाळी साडेपाचला उठून डबे, सव्वा तास लोकल, बँकेत क्लोजिंग असलं की साडेसात वाजतात, घरी आल्यावर पोळ्या, धाकट्याचा अभ्यास आणि मग लॅपटॉप उघडला की डोळे मिटतात. नोकरी सांभाळून ज्यांनी खरंच पुस्तक पूर्ण केलंय त्यांनी सांगा, वेळ काढता कुठून?

खिडकीतली सीट
ताई, मी लोकलमध्येच लिहिलं, मोबाईलवर. कल्याणपर्यंत उलटं जाऊन बसून यायचो, वीस-पंचवीस मिनिटं जास्त जायची पण सीट मिळायची. रोज ३०० शब्द, त्याहून जास्त नाही आणि मागचं वाचून दुरुस्त करत बसायचं नाही. आठवड्याचे पाच दिवस धरले तर १५०० होतात, ४० आठवड्यांत ६० हजार, म्हणजे दोनशे पानांचं पुस्तक आरामात. मला दीड वर्ष लागलं कारण गणपती, दिवाळी, मार्च एंड, आणि मधे दोन महिने काहीच सुचत नव्हतं. चौथ्या सीटवर मात्र काही लिहून होत नाही, तिथे फक्त तोल सांभाळायचा.

आळशी बोका
पहाटे चारला उठा, सगळे मोठे लोक उठतात. 😀

पोळपाट
@बोका, तुम्ही उठता का हो? आणि त्या साडेपाचच्या आधी चारला उठल्या तर झोपायचं कधी, लोकलमध्ये उभ्याने? असले सल्ले देणाऱ्यांच्या घरी डबा कोण भरतं ते आधी विचारावंसं वाटतं.

खर्डेघाश्या
मी थोडं वेगळं सांगतो, राग मानू नका. गेली काही वर्षं मुद्रितशोधनाची कामं करतो, घरच्या माणसांवरची बरीच हस्तलिखितं हाताखालून गेलीत. त्यात कच्चा दुवा बहुतेक वेळा एकच असतो, माणूस होता तेव्हा विचारायचं राहिलं आणि मग लेखक "बहुधा", "असावं" करत पानं भरतो. तुम्ही ६० व्या वर्षी रिटायर होऊनही लिहू शकता, बाबांना तेवढं थांबता येणार नाही. म्हणून सध्या लिहूच नका, रेकॉर्ड करा. महिन्यातून दोन रविवार, पाऊण-पाऊण तास, एवढंच.

"आठवणी सांगा" म्हटलं की माणूस गप्प होतो किंवा नेहमीचेच चार किस्से सांगतो. वस्तू पुढे ठेवा. बाबांनी म्हाडाच्या गिरणी कामगार सोडतीचा फॉर्म भरला असेल तर घरात एक फाईल असणारच, त्यात गिरणीचं तिकीट (कामगाराचं ओळखपत्र), ईएसआयसीचं कार्ड, फंडाची पावती, असले कागद असतात. तारखांचा सांगाडा आयताच मिळतो. आणि एक प्रश्न नक्की विचारा, संप संपला कधी? सुरू १८ जानेवारी १९८२ला झाला हे सगळ्यांना माहीत आहे, पण तो अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे ज्याच्या त्याच्या घरी तो वेगवेगळ्या दिवशी संपला. कोणी गावी गेलं त्या दिवशी, कोणी वॉचमनची नोकरी धरली त्या दिवशी. तुमच्या घरी कधी, हे एक अख्खं प्रकरण आहे.

पोळपाट
+१. बहिणाबाई तरी कुठे लिहायला बसल्या होत्या, त्या कामं करता करता म्हणत गेल्या आणि सोपानदेवांनी उतरवून घेतलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. फक्त मोबाईलच्या व्हॉइस टायपिंगवर फार विसंबू नका, मी आईच्या रेसिपीसाठी वापरलं, मालवणी बोलली की त्याचा पार गोंधळ उडतो. आधी नुसता आवाज ठेवा, टाईप नंतर लोकलमध्ये कानात इअरफोन घालून करा, दोन्ही सल्ले वापरल्यासारखे होतील.

डोंबिवलीकरीण
उशिरा उत्तर देतेय, सगळ्यांचे आभार. काल दिव्याला भावाकडे गेले होते, बाबा तिथेच असतात. फाईल खरंच निघाली! तिकीट आहे, आणि कामगारांच्या सहकारी पेढीचं एक पासबुक आहे जे आईलासुद्धा माहीत नव्हतं, त्यावरून तासभर वेगळंच भांडण झालं 😀 ते पण रेकॉर्ड झालंय. संपाचं विचारलं तर बाबा चिडले, म्हणाले, "संपलो असा तुका कोणी सांगल्यान?" मग बराच वेळ बोललेच नाहीत, मी बंद करणार होते पण ठेवलं तसंच चालू. नंतर आपणहून बोलायला लागले, साच्यावर पहिल्या दिवशी धागा कसा तुटला तिथपासून.

एकूण १ तास ५२ मिनिटं आहे, मागे कुकरच्या शिट्ट्या आहेत. आता एवढी मोठी फाईल व्हॉट्सॲपवर जाईना, लॅपटॉपवर कशी घ्यायची कोणी सांगेल का?

खिडकीतली सीट
यूएसबी केबल लावा ताई, आणि आजच पेन ड्राईव्हवर एक कॉपी ठेवा.