मदत हवी आहे: मुलांसाठी मध्ययुगीन झगा शिवतेय, काख आणि गळा जमत नाहीये

नमस्कार मंडळी,

मुलगा 4 वर्षांचा, मुलगी 6 वर्षांची. दोघांसाठी 14 व्या शतकातल्या उत्तर युरोपातल्या साध्या घरच्या मुलांसारखे कपडे शिवायला घेतले आहेत. आत लिननचा लांब सदरा, वर लोकरीचा झगा आणि खांद्यांवर उतरणारी कुंची. तयार मिळणारे पोशाख बहुतेक पॉलिएस्टरचे, मागे चेन लावलेले असतात. तसं मला अजिबात नको आहे.

ग्रीनलंडमधल्या हेर्योल्फ्सनेस या मध्ययुगीन नॉर्स वस्तीच्या दफनभूमीत 1921 साली डॅनिश पुरातत्त्वज्ञ पॉल नोरलुंड यांनी केलेल्या उत्खननात लोकरीचे झगे आणि कुंच्या मिळाल्या, त्यांत लहान मुलांचेही कपडे आहेत. त्यांचे फोटो पाहिल्यापासून हे डोक्यात बसलं आहे. इवल्याशा झग्यालासुद्धा घेरासाठी इतक्या कळ्या (खाली रुंद होत जाणारे त्रिकोणी तुकडे) जोडल्या आहेत की कोणीतरी खूप मायेने शिवला असणार, असं वाटत राहतं.

पहिला झगा मी सोपा बेतला. पुढची-मागची बाजू सरळ, मुंढ्याला (बाही जोडतात त्या जागेला) गोलाई नाही, बाह्या मनगटाकडे निमुळत्या, कुशीला कळ्या. घालून पाहिला तर मुलाने हात वर केला की झगा गुडघ्यांच्या वर चढतो. मग काखेत 6 सेंमीचा चौकोनी तुकडा घातला. हात मोकळा झाला, पण तुकड्याच्या टोकांना चुण्या पडतात आणि एका ठिकाणी शिवण उसवलीही.

दुसरी अडचण गळ्याची. डोकं आत जाईल एवढा गोल कापला की झगा एका खांद्यावरून घसरतो. मुलांचं डोकं मानेच्या मानाने मोठं असतं, हे लक्षातच आलं नाही. वाढत्या अंगासाठी खाली 8 सेंमी दुमड ठेवली आहे, तेवढी पुरेल का?

प्रतिसाद

ताई, चुण्या पडतात कारण टीप कडेपर्यंत जाते आहे. चौकोनाच्या कोपऱ्यापासून शिवणीच्या मार्जिनएवढं अंतर सोडून थांबा, म्हणजे चारही शिवणी एका बिंदूवर मिळतील. त्या बिंदूवर हाताने दोन-तीन उलट्या टिपा घाला, सगळा ताण तिथेच येतो. तुकडाही 8 ते 9 सेंमीचा घ्या, 6 कमीच पडतो. आणि हा चौकोन सदऱ्यालाच जास्त शोभतो. हेर्योल्फ्सनेसच्या झग्यांचे मुंढे गोलाईचे आहेत, तेव्हा पुढचा झगा तसा बेतून बघा.

गळा मानेला बसेल एवढाच कापा. मागे जेमतेम 1 सेंमी खोल, पुढे जास्त. मग पुढे मध्यावर 10 सेंमीची चीर द्या, कड आत दुमडून हाताने शिवा. वर एक कापडी बटण लावा: लोकरीचा गोल तुकडा धावदोऱ्याने चुण्या घालून आवळला की बटण तयार. बटणं त्या शतकात चांगलीच रुळली होती. गळ्याला किंवा कुंचीला नाडी मात्र लावू नका, लहान मूल खेळताना ती कुठेही अडकते आणि गळ्याला फास बसू शकतो.

दुमड 8 सेंमी पुरे, पण बाह्याही थोड्या लांब ठेवून आत वळवा. लोकर कापण्याआधी धुऊन आटवली होती ना?

धागाकर्ती

लिनन धुतलं होतं, लोकर नाही! उरलेलं कापड आजच भिजवते. काखेतली शिवण उसवायला घेतली आहे.