१९४४ साली आइसलंडने डेन्मार्कशी फारकत घेतली, ती वेळ चुकली का?

दर्यावर्दी

१७ जून १९४४. थिंगवेल्लिरच्या माळावर भर पावसात हजारो आइसलंडकर जमले आणि प्रजासत्ताक जाहीर झालं. त्याच दिवशी कोपनहेगनच्या रस्त्यांवर जर्मन शिपाई फिरत होते. डेन्मार्क ९ एप्रिल १९४० पासून जर्मनांच्या ताब्यात होता. दोन्ही देशांचा सामायिक राजा दहावा क्रिस्तियान याने मे महिन्यात आइसलंडला कळवलं होतं की दोन्ही देशांत परकं सैन्य बसलंय, तोवर हा निर्णय घेऊ नका. ते थांबले नाहीत.

स्वातंत्र्य त्यांच्या हक्काचं होतं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण शेजाऱ्याच्या घराला आग लागलेली असताना बांधाचा वाद मिटवायला जाऊ नये, आणि इथे तर सहाशे वर्षांचं एकत्र खातं होतं. खुद्द आइसलंडमध्येही एक गट हेच सांगत होता: युद्ध संपू द्या, डॅनिश लोकांशी समोरासमोर बसा, मग सही करा. त्यांचं ऐकायला हवं होतं असं मला वाटतं. तुमचं मत काय?

जुनी वही

दर्यावर्दी, तुम्ही १९१८ चा करार बाजूला ठेवून बोलताय. १ डिसेंबर १९१८ पासून आइसलंड सार्वभौम राज्य होतं. राजा सामायिक, परराष्ट्र व्यवहार डेन्मार्क पाहणार, एवढाच धागा उरला होता. करारात स्पष्ट लिहिलं होतं की १९४० संपल्यावर कोणतीही संसद फेरविचार मागू शकते आणि तीन वर्षांत नवा करार झाला नाही तर जुना मोडता येतो.

आता १९४० कडे बघा. डेन्मार्क पडल्याबरोबर परराष्ट्र कारभार आइसलंडला स्वतःच हातात घ्यावा लागला. १० मे रोजी ब्रिटिश सैन्य रेक्याविकला उतरलं, पुढच्या वर्षी अमेरिकन आले. या सगळ्यांशी बोलणी कोणी केली? आइसलंडच्या स्वतःच्या सरकारने. १९४२ मध्येच संबंध तोडायचं घाटत होतं, तेव्हा अमेरिकेने मुदत भरेपर्यंत थांबायला सांगितलं आणि ते थांबले. मग मे १९४४ मध्ये सार्वमत झालं: सुमारे ९८ टक्के मतदान, आणि ९९ टक्क्यांहून अधिक मतं करार मोडण्याच्या बाजूने. याला घाई कसं म्हणणार?

दर्यावर्दी

मतदानाचा आकडा मान्य. पण त्या कलमात ‘वाटाघाटी’ हा शब्द आहे. ऑगस्ट १९४३ मध्ये डॅनिश सरकारने जर्मनांपुढे मान तुकवायला नकार देऊन कारभारच सोडला. ज्यांच्याशी बोलायचं तेच जागेवर नव्हते. मुदत भरली, पण बोलणं झालं नाही.

मीठमासळी

बोलणं झालं नाही म्हणता? आइसलंडच्या स्वातंत्र्य चळवळीचा पुढारी योन सिगुर्दसन याच्यापासून शंभर वर्षं बोलणंच चाललं होतं. १८५१ च्या राष्ट्रसभेत राजाच्या प्रतिनिधीने चर्चा अर्ध्यावर बंद केली, तेव्हा सभासदांनी उभं राहून ‘आम्ही सगळे निषेध करतो’ असं सांगितलं. त्यानंतर संविधान मिळायला १८७४ आणि रेक्याविकला बसणारा स्वतःचा मंत्री मिळायला १९०४ उजाडलं. आणि १७ जून ही तारीख योनच्या जन्मदिवसाची आहे, ती उगाच निवडलेली नाही.

त्याआधीचा काळ तर विसरण्यासारखा नाहीच. १६०२ ते १७८७ आइसलंडचा सगळा व्यापार फक्त राजाने परवाना दिलेल्या व्यापाऱ्यांच्या हाती. प्रत्येक वस्तीला बंदर ठरवून दिलेलं. १६९९ साली होल्मफास्तुर नावाच्या गरीब माणसाने थोडी मासळी हाफ्नारफ्योर्दुरऐवजी केफ्लाविकला विकली, म्हणून त्याला खांबाला बांधून फटके मारले. मी ते वाचलं तेव्हा दोन दिवस डोक्यातून गेलं नाही.

(याच राजाची माणसं १६२० मध्ये आपल्याकडे तरंगमबाडीला किल्ला बांधत होती. योन ओलाफसन हा आइसलंडर तिथे तोफा डागणारा शिपाई म्हणून राहिला आणि म्हातारपणी त्याने आपली हकीकत लिहून ठेवली. आवर्जून वाचावी अशी आहे.)

ओलसर माती

फटके खरे, मक्तेदारीही खरी. पण सगळं पाप डॅनिश लोकांच्या माथी मारू नका. ज्याच्याकडे जमीन नाही त्याने वर्षभर कुठल्यातरी शेतकऱ्याच्या घरी चाकर म्हणून राहायचंच, हा कायदा आइसलंडच्या स्वतःच्या जमीनदारांनी जपला. गडी-मोलकरणी किनाऱ्यावर जाऊन स्वतंत्र कोळी झाले तर शेतावर कोण राबणार, ही त्यांची भीती. मक्तेदारीच्या दरपत्रकातही मासळीला कमी आणि शेतमालाला बरा भाव असायचा. तो कोणाच्या फायद्याचा? बंदरं वाढली नाहीत, गावं वसली नाहीत, यात घरच्यांचाही हात होता. १७८३ च्या लाकी ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर जवळपास पाचवा हिस्सा लोक दगावले, ते अशाच समाजात.

शाई

मला वेळेच्या वादापेक्षा नंतर काय घडलं ते महत्त्वाचं वाटतं. दर्यावर्दी म्हणतात तशी जखम खरंच झाली असती, तर डेन्मार्कने आइसलंडची जुनी हस्तलिखितं परत केली नसती.

आर्नी मॅग्नुसन या आइसलंडच्या विद्वानाने आयुष्यभर तिथल्या घराघरांतून चामड्यावर लिहिलेली जुनी पानं गोळा केली. कोणी त्या पानांची बुटाची तळवं करत होतं, कोणी कपडे बेतायला वापरत होतं. १७२८ च्या कोपनहेगनच्या आगीत त्याच्या संग्रहातलं बरंच जळालं. उरलेलं त्याने मरताना कोपनहेगनच्या विद्यापीठाला दिलं. डॅनिश संसदेने ती परत देण्याचा कायदा १९६१ आणि पुन्हा १९६५ मध्ये केला, विरोधकांनी थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं, तरी कायदा टिकला. २१ एप्रिल १९७१ ला डॅनिश नौदलाचं जहाज कोडेक्स रेगियस (देव-वीरांच्या जुन्या काव्यांची पोथी) आणि फ्लाटेयारबोक (राजकथांची मोठी पोथी) घेऊन रेक्याविकला लागलं, तेव्हा शाळा-दुकानं बंद ठेवून लोक धक्क्यावर उभे होते. १९९७ पर्यंत अठराशेच्या वर हस्तलिखितं आली. एका जुन्या सत्तेने आपणहून इतकं परत दिल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

स्नोरी या आइसलंडच्या मध्ययुगीन लेखकाच्या राजकथांच्या एका पोथीचं आगीतून वाचलेलं एकच पान स्वीडनमध्ये होतं. तेही १९७५ मध्ये आइसलंडला भेट म्हणून आलं. एक पान! मला हे लिहितानाही भरून येतं.

उत्तरवारा

‘युद्ध संपू द्या’ म्हणणाऱ्यांनी डेन्मार्कच्याच ताब्यातल्या फेरो बेटांकडे बघावं. तिथेही १९४० मध्ये ब्रिटिश आले, बेटांनी चार-पाच वर्षं स्वतःचा कारभार चालवला. पण त्यांचं मतदान युद्धानंतर, सप्टेंबर १९४६ मध्ये झालं. दोनशेहून कमी मतांनी स्वातंत्र्याची बाजू जिंकली. राजाने त्यांची संसदच बरखास्त केली, नव्या निवडणुकीत डेन्मार्कवादी पक्ष आले आणि १९४८ मध्ये स्वशासनावर समाधान मानावं लागलं. आइसलंडकडे १९१८ चा कागद आणि भक्कम बहुमत होतं, फेरोकडे दोन्ही नव्हतं, हा फरक मला कळतो. तरीही थांबलेल्यांचं काय होतं ते डोळ्यासमोर आहे.

दर्यावर्दी

उत्तरवारा, फेरोचा विचार मी केला नव्हता. ‘थांबले असते तर काहीच बिघडलं नसतं’ हे वाक्य मी आता लिहिणार नाही.

पण एक गोष्ट राहते. १७ जूनला त्याच पावसात राजाची तार वाचून दाखवली गेली. ज्याने नको म्हटलं होतं त्याच क्रिस्तियानने, स्वतःच्या देशावर जर्मन पहारा असताना, आइसलंडच्या लोकांना शुभेच्छा पाठवल्या होत्या. शाई, तुमच्या १९७१ च्या जहाजाची सुरुवात मला त्या तारेत दिसते.