शेवट आधीच कळला तरी धडधड होईल अशी हेरकथा सुचवा

हेरकथा मला जाम आवडतात, पण हल्ली सगळीकडे तेच, बॉम्बचं घड्याळ उलटं चालतंय आणि एकटा एजंट जग वाचवतोय, शेवट आधीच कळतो मग मजाच जाते. वेगळं काही आहे का?

प्रतिसाद १
शेवट माहीत असला म्हणून मजा जातेच असं नाही हो! फ्रेडरिक फोर्सिथचं 'द डे ऑफ द जॅकल' वाचा. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना मारायला निघालेल्या भाडोत्री मारेकऱ्याची गोष्ट आहे. पुस्तक १९७१ला आलं, आणि द गॉल तर १९७०मध्ये घरीच वारले होते, म्हणजे कट फसणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक, तरी पुस्तक खाली ठेववत नाही कारण खोटा पासपोर्ट, खास बनवून घेतलेली रायफल, सगळं इतकं बारकाईने येतं की आपणच त्या मारेकऱ्यासोबत तयारी करतोय असं वाटतं आणि मागे पोलीस एकेक धागा पकडत येतात.

प्रतिसाद २
धावपळ नको असेल तर जॉन ल कारे. स्वतः एमआय-५ आणि एमआय-६ या ब्रिटिश गुप्तचर संस्थांमध्ये होता, त्यामुळे त्याचे हेर थकलेले, घाबरलेले, खरे वाटतात. १९६३चं 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' आधी घ्या.

प्रतिसाद ३
वरच्याला अनुमोदन. तिथे शत्रूपेक्षा आपल्याच वरिष्ठांची भीती जास्त वाटते.