मदत हवी आहे : शाळेचं अनुदान दहा हजारांवर आलंय, तिसरी-चौथीचं वाचन आणि वजाबाकी सुधारायला हाताशी असलेला पैसा कुठे घालू?

रानजाई :

नमस्कार. मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिक्षिका आहे. शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मुख्याध्यापकाचा प्रभारही सरांकडेच, त्यामुळे बैठक किंवा ऑनलाइन माहितीचं काम निघालं की चारही वर्ग माझ्याकडे येतात.

आमचा पट ३३ होता, आता २८ आहे. काही मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसायला लागली, एक कुटुंब कारखान्यावर गेलं ते तिकडेच राहिलं. मुलं पाचच कमी झाली, पण शाळेचा खर्चाचा पैसा निम्म्याहून कमी झाला. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून येणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. ३१ ते १०० पटाला २५ हजार, ३० पर्यंत १० हजार. छप्पर तेवढंच, वर्गखोल्या तेवढ्याच, पंखे तेवढेच. या दहा हजारांतले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. मग लाईट बिल, हजेरी आणि इतर रजिस्टरं, प्रिंटरची शाई, प्रथमोपचार पेटी, टाकीची तोटी. पैसा येतो तोही हप्त्याने आणि बहुतेकदा वर्ष सरत आल्यावर. मुलांच्या शिकण्यासाठी म्हणून वेगळं काढावं असं त्यात काही उरत नाही.

त्यात वह्यांचा प्रश्न. बालभारतीच्या पुस्तकांत २०२३-२४ पासून कोरी पानं असायची. त्यावर वाद पुष्कळ झाले, पण माझ्या वर्गातल्या काही मुलांची ती एकमेव वही होती. २०२५-२६ पासून ती पानं बंद झाली.

आता मूळ मुद्दा. तिसरी-चौथी मिळून माझ्याकडे १५ मुलं आहेत. जूनमध्ये प्रत्येकाला एकेकटं बसवून वाचायला दिलं. चौघं गोष्ट सरळ वाचतात. पाच जण शब्द वाचतात, पण परिच्छेदात जोडाक्षर आलं की थांबतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. चार जण अक्षरांवर आहेत. दोघांची अक्षरंही पक्की नाहीत, आणि त्यातला एक चौथीत आहे. वजाबाकीत हातच्याचं उदाहरण आलं की निम्म्याहून जास्त वर्ग अडतो. चौथीच्या पुस्तकातला धडा मी शिकवते तेव्हा तो फार तर चार-पाच मुलांपर्यंत पोचतो, आणि हे मला रोज डोळ्यांनी दिसतं.

एक चांगली गोष्ट घडली आहे. शाळेचे माजी विद्यार्थी पुण्याला, चाकणला नोकरीला आहेत. त्यांनी आपसांत वर्गणी काढून ३० हजार जमवले आणि "बाई, तुम्ही सांगाल ते घेऊ" म्हणाले. शाळा व्यवस्थापन समितीत विषय ठेवला. सरपंचांसकट बहुतेकांचं म्हणणं, मोठा टीव्ही घ्या आणि भिंती रंगवून घ्या, म्हणजे गाडीने जाणारी पोरं थांबतील. मला ते उडवून लावता येत नाही, कारण पट आणखी घसरला तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, दुसरं पदच धोक्यात येईल. पण माझं मन वेगळीकडे ओढतं. गावात डी.एड. झालेली एक सून आहे. तिला मानधन देऊन रोज दोन तास बोलवावं आणि उरलेल्या पैशात गोष्टीची पुस्तकं घ्यावीत, असं वाटतं.

दिवाळीनंतर माझी चार मुलं आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर जातात. म्हणजे जे करायचं ते आता, पावसाळ्यातच. कुणी लहान शाळेत, कमी पैशात असं काही केलं असेल तर सविस्तर सांगा. टीव्ही घेऊ की माणूस? माणूस घेतला तर तिला कोणती मुलं द्यायची?

माळरान :

बाई, मी केंद्रप्रमुख, म्हणजे परिसरातल्या शाळांवर देखरेख करणारा अधिकारी, म्हणून निवृत्त झालो. तुमचं मन बरोबर ओढतंय.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर आपल्या मुंबईतच काम झालेलं आहे. २००१ ते २००३ या काळात प्रथम संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत 'बालसखी' नेमल्या. वस्तीतल्याच शिकलेल्या मुली, मानधन महिना पाचशे ते साडेसातशे. मागे पडलेली मुलं त्या रोज साधारण दोन तास वेगळी बसवायच्या आणि फक्त पायाभूत वाचन, अंकज्ञान घ्यायच्या. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजलं. फायदा झाला तो मुख्यतः बालसखीकडे गेलेल्या मुलांना. मूळ वर्गातच बसून राहिलेल्या मुलांभोवतीची गर्दी कमी झाली, पण तेवढ्याने त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. तेव्हा त्या सूनबाईंना वर्ग अर्धा वाटून देऊ नका. अक्षरावरची आणि अक्षराखालची सहा मुलं द्या, सरांच्या दुसरीतली मागे असलेलीही त्यात घ्या. शब्दावर अडलेली पाच तुम्ही घ्या. इयत्ता विसरायची, मूल कुठे आहे तिथून धरायचं.

अशाच कामातले दुसरे अर्थतज्ज्ञ मायकेल क्रेमर. त्यांनी केनियात शाळांना पाठ्यपुस्तकं देऊन पाहिली. सरासरी निकाल हलला नाही, जी मुलं आधीच पुढे होती त्यांनाच फायदा झाला, कारण बाकीच्यांना ते पुस्तक वाचताच येत नव्हतं. टीव्हीवरचा चौथीचा पाठ तुमच्या अक्षरावरच्या मुलाला कसा कळणार? शिवाय त्याचं बिल आणि दुरुस्ती त्याच दहा हजारांतून जाईल.

वेळ सकाळचा पहिला ठेवा. आहारानंतरचा तास ठेवलात तर तो रोज कशात ना कशात जातो.

सहावा_तास :

मी स्वतः एकशिक्षकी शाळा चालवतो. माळरान सरांशी बव्हंशी सहमत, पण समितीचं म्हणणं इतक्या सहज बाजूला सारू नका. पालक शाळा निवडतो ती डोळ्यांना दिसेल त्यावर. त्याला तुमचा वाचनस्तर दिसतच नाही. तो दाखवा. दर महिन्याला एका संध्याकाळी पालकांना बोलवा आणि ज्या मुलाला जूनमध्ये अक्षर येत नव्हतं त्याला चार ओळी वाचायला द्या. आमच्याकडे रंगरंगोटीपेक्षा याने जास्त पालक थांबले. मात्र मूल तयार असेल तेव्हाच उभं करा, नाहीतर घरी मार खाईल.

दुसरं, तोटी, टाकी, स्वच्छतागृह हे शाळेच्या अनुदानातून करू नका. वित्त आयोगाच्या ग्रामपंचायतीकडे येणाऱ्या निधीतला बराच भाग बंधित असतो, म्हणजे तो पाणी आणि स्वच्छतेसाठीच. ग्रामसभेत विषय घ्या, गावच्या आराखड्यात शाळा घाला. तुमचे सरपंच टीव्हीचा आग्रह धरतात म्हणजे शाळेची काळजी आहे त्यांना, ते करतील.

रानजाई :

दोघांचे मनापासून आभार. बंधित निधीचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

वजाबाकीचं जरा विचारू का? चौथीतला माझा एक विद्यार्थी आठवडी बाजारात वडिलांच्या भाजीच्या पालावर बसतो. ३७ रुपयांची भाजी, शंभराची नोट, ६३ परत, क्षणात. पण वहीत ५२ वजा ३७ दिलं की उत्तर २५. वर्गातल्या आणखी तिघांचंही २५. त्याला मी म्हटलं, "अरे, बाजारात असं करशील तर?" तर म्हणाला, "बाई, ते हिशेबाचं आहे, हे गणिताचं आहे." यावर काय करायचं?

काडीगठ्ठा :

तो ७ मधून २ वजा करतो आणि ५ मधून ३. म्हणजे मोठ्यातून लहान, वर-खाली न बघता. नियम त्याने स्वतःच बनवलाय आणि तो मनापासून पाळतो. "हातचा घे" असं दहा वेळा सांगून तो जाणार नाही, कारण हातचा कुठून येतो हे त्याने पाहिलेलं नाही.

खर्च शून्य. ज्वारीच्या ताटांच्या किंवा खराट्याच्या काड्या, दहा-दहाचे गठ्ठे, रबर लावून. त्याच्यासमोर पाच गठ्ठे आणि दोन सुट्या ठेवा. म्हणा, मला ३७ दे. सात सुट्या द्यायला गेला की त्याच्याकडे दोनच आहेत. तो स्वतः एक गठ्ठा सोडेल. तुम्ही काही बोलू नका. गठ्ठा सोडल्यावर वहीत ५ खोडून ४ आणि २ च्या जागी १२ तिथल्या तिथे लिहायला लावा, काडी हलली की आकडा हलला पाहिजे. मग काड्यांच्या जागी दहाच्या खोट्या नोटा आणि एक रुपयाची नाणी. बाजाराचा हिशेब आणि वही तिथे एकत्र येतात. मग काड्या काढून घ्या, पण घाई नको.

साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी हेच केलं. खडे, काड्या, मणी, फरशीवर आखलेल्या चौकटी. राज्यभरातून शिक्षक ते बघायला गेले आणि २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा राज्य सरकारचा कार्यक्रम आला त्यामागे त्या शाळांची प्रेरणा होती. पुढे बऱ्याच ठिकाणी फरशा रंगल्या आणि काड्या कपाटात गेल्या, हे मात्र मला सलतं.

पुस्तकांसाठी ३० हजारांतले फार घालू नका. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत, स्तरानुसार लावलेल्या, आणि छापून घ्यायला परवानगी आहे. पहिल्या-दुसऱ्या स्तराच्या गोष्टी मोठ्या टायपात काढा, शिवा, आणि मुलांना घरी न्यायला द्या. फाटल्या तर फाटल्या.

रानजाई :

गठ्ठे केले. चौघांपैकी दोघांनी स्वतःहून गठ्ठा सोडला. बाजारवाला मात्र आधी म्हणाला, "बाई, सुटे नाहीत माझ्याकडे," आणि मग हसून रबर काढलं.

समितीची बैठक परत घेतली. जूनचे वाचनस्तर नाव न घेता फळ्यावर लिहिले. आधी शांतता झाली, मग एक आई म्हणाली, माणूस ठेवा. मानधन महिना चार हजार, दिवाळीपर्यंत. उरलेल्यात वह्या आणि गोष्टींच्या प्रती. एका दर्शनी भिंतीला रंग द्यायचंही ठरलं, सरपंच स्वतः देणार आहेत. पाण्याचा विषय ग्रामसभेत घेतो म्हणाले.

शेवटचा प्रश्न. हे मानधन समितीच्या खात्यातून द्यायचं की माजी विद्यार्थ्यांनी परस्पर द्यायचं? उद्या लेखापरीक्षणात अडचण नको.

माळरान :

संयुक्त अनुदानातून एक रुपयाही मानधनाला वापरू नका, ते त्यासाठी नाही. वर्गणी लोकसहभाग म्हणून समितीच्या खात्यात घ्या, देणगीची पावती द्या. समितीचा ठराव करा, त्यात काम, रोजचे तास, मुदत आणि रक्कम लिहा, आणि "ही नेमणूक तात्पुरती व स्वयंसेवी असून शासकीय सेवेचा कोणताही हक्क नाही" हे वाक्य नक्की घाला. दर महिन्याला सही घेऊन व्हाउचर फाईलला लावा. प्रत केंद्रप्रमुखांना द्या, पोच घ्या.

रानजाई :

करते. असा ठराव कुणी आधी केला असेल तर नमुना इथे टाकाल का? सोमवारी बैठक आहे.